कॅप शाबूत, दात पोखरलेला

संक्रांत उलटली की आमच्या दवाखान्यात निखळलेली कॅप घेऊन येणाऱ्यांची संख्या थोडी वाढते. गुळाच्या पोळीला मी दोष देणार नाही. कडक चिक्कीला मात्र देते. यंदा अशाच एका सकाळी 76 वर्षांच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका मुलासोबत आल्या. त्यांनी पिशवीतून कुंकवाची जुनी डबी काढली, तीत कापसावर ठेवलेली कॅप माझ्यासमोर धरली आणि शेजारी एक छोटे कार्ड ठेवले. कॅप तयार करणाऱ्या प्रयोगशाळेची 15 वर्षांची हमी त्या कार्डावर छापलेली होती. कॅप बसवून जेमतेम साडेसहा वर्षे झाली होती.

मी दाढ तपासली, आतून किडली असल्याचे सांगितले. त्यावर बाई म्हणाल्या, "डॉक्टर, कॅपचा टवकासुद्धा उडालेला नाही. मग कीड आत शिरली कुठून?"

प्रश्न नेमका होता. कॅप खरोखरच निर्दोष होती. झिर्कोनियाची, पांढरीशुभ्र, कालच घडवल्यासारखी. जिच्यावर ती बसवली होती त्या दाढेचा खुंट मात्र हिरडीच्या पातळीपर्यंत मऊ पडला होता आणि उपकरणाच्या टोकाने ओल्या चामड्यासारखा सोलून निघत होता. दाढेचे रूट कॅनॉल पूर्वीच झालेले असल्यामुळे वेदनेचा लवलेशही नव्हता. याच दाढेला बाईंच्या अर्ध्या कवळीची तार अडकत असे. दाढ गेली की कवळीचा आधार गेला, आणि त्या बाजूने भाकरी चावणेही गेले.

हमी होती ती कॅपची. कॅप आणि दात यांच्या मधल्या बारीक रेषेविषयी कार्डावर एक शब्दही नव्हता. वाचकहो, या पंधरवड्यात त्या रेषेविषयी.

कॅप ज्या पदार्थाने दातावर बसवतात त्याला आम्ही सिमेंट म्हणतो आणि त्या शब्दाने थोडा घोटाळा होतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गवंड्याच्या थापीवरचा माल उभा राहतो. प्रत्यक्षात हा थर अतिशय पातळ असावा लागतो. पाण्याचा अंश असलेल्या दंतसिमेंटांचा थर ठरावीक दाबाखाली 25 मायक्रॉनपेक्षा जाड राहू नये, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. तोंडात मात्र कॅपच्या काठाशी फट याहून रुंद राहते. लंडनचे दंतवैद्य जॉन मॅक्लीन आणि त्यांचे सहकारी फॉन फ्राउनहोफर यांनी हजाराहून अधिक कामांचा पाच वर्षांचा मागोवा घेऊन 1971 मध्ये असा निष्कर्ष मांडला की, 120 मायक्रॉनपर्यंतची फट व्यवहारात चालण्यासारखी आहे. हा आकडा आजही प्रमाण मानला जातो. कीड घडवणारा जिवाणू मात्र सुमारे एक मायक्रॉनचा. आपल्याला न दिसणारी ही फट त्याच्या दृष्टीने गावाची वेस आहे. तिच्यात काय भरले आहे आणि ते किती वर्षे टिकते, यावर आतल्या दाताचे भवितव्य ठरते.

हे मोजण्याची पद्धत मोठी वाचनीय आहे. काढून टाकलेल्या दातांवर वेगवेगळ्या सिमेंटांनी कॅप बसवतात. मग ते दात 5 अंश आणि 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटून पालटून शेकडो, कधी हजारो वेळा बुडवतात. आइस्क्रीम आणि वाफाळता चहा यांची ही प्रयोगशाळेतली नक्कल. त्यानंतर त्यांना निळ्या वा किरमिजी रंगाच्या द्रावणात ठेवतात आणि उभा छेद घेऊन रंग कॅपखाली किती आत झिरपला ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या झिरपण्याला सूक्ष्म पाझर म्हणतात. अशा अभ्यासांतून सामान्यतः असे दिसते की, जुन्या झिंक फॉस्फेट सिमेंटखाली पाझर सर्वाधिक होतो आणि रेझिन सिमेंटखाली सर्वांत कमी. ग्लास आयोनोमर बहुधा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कॅपचा काठ दाताच्या वरच्या कठीण आवरणावर, म्हणजे दंतवल्कावर, टेकलेला असेल तर पाझर कमी होतो. तो खाली मुळाच्या बाजूला, मऊ दंतिनावर गेला असेल तर चांगल्या सिमेंटखालीही वाढतो.

येथे थोडे थांबून एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. रंगाचा रेणू जिवाणूपेक्षा कितीतरी लहान असतो. रंग आत शिरला म्हणजे कीड लागलीच, असा अर्थ होत नाही. झिंक फॉस्फेटने बसवलेल्या सोन्याच्या कॅप तीस तीस वर्षे सुखाने नांदलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या कॅप दातावर इतक्या घट्ट बसत की सिमेंटला भरायला फारशी जागाच उरत नसे. कॅप नीट बेतलेली नसेल तर उत्तम सिमेंटही ते उणे भरून काढू शकत नाही.

झिंक फॉस्फेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. थंड केलेल्या काचेवर पूड थोडी थोडी करून आम्लात कालवायची. आम्ही विद्यार्थी असताना ही काच गार ठेवण्यावरून बोलणी खात असू. हे सिमेंट दाताला चिकटत नाही. दात आणि कॅप यांच्या खरबरीत पृष्ठभागांमधले खाचखळगे भरून ते केवळ अडकवून ठेवते, आणि लाळेत, विशेषतः आंबट लाळेत, हळूहळू विरघळते. दाताशी रासायनिक नाते जोडणारे पहिले सिमेंट 1968 मध्ये मँचेस्टरला डेनिस स्मिथ यांनी पुढे आणले. त्यानंतर लंडनमधील सरकारी रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ग्लास आयोनोमर घडवले. त्यावरील त्यांचा लेख 1972 मध्ये दंतवैद्यकाच्या नियतकालिकात आला. हे सिमेंट दाताला धरते आणि थोडे थोडे फ्लोराइड सोडत राहते. रेझिन सिमेंटांची वाट मात्र वेगळी. अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवून दिले की, दंतवल्कावर आम्लाचा सौम्य प्रयोग करून ते सूक्ष्म खडबडीत केले तर रेझिन, म्हणजे प्लास्टिकच्या कुळातला पदार्थ, त्याला घट्ट धरतो. आजची दातांना चिकटवण्याची सारी विद्या त्या निरीक्षणातून वाढली.

दाताची बाजू अशी सुटली. सिरॅमिकच्या बाजूला वेगळीच अडचण आहे, आणि बाईंच्या कॅपची कथा बहुधा तिथेच दडलेली होती.

सिरॅमिक कॅप एकाच जातीच्या नसतात. लिथियम डायसिलिकेटसारख्या सिरॅमिकमध्ये काचेचा अंश असतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाने तो अंश कोरता येतो, त्यावर सिलेन नावाचे दुवा साधणारे द्रव्य लावले की रेझिन सिमेंट त्याच्याशी एकजीव होते. झिर्कोनियात काच नसते, त्यामुळे हे आम्ल तिथे निरुपयोगी ठरते. त्याच्या आतल्या पृष्ठभागावर ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा हलका मारा करावा लागतो आणि मग एमडीपी नावाच्या रेणूचा लेप द्यावा लागतो. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये घडवलेल्या या रेणूचे एक टोक झिर्कोनियाला धरते, दुसरे रेझिनला.

यात एक खोच आहे आणि ती रुग्णाला कधीच दिसत नाही. कॅप पक्की करण्यापूर्वी ती दातावर एकदा बसवून पाहतात: रंग जुळतो का, चावताना उंच लागते का. तेवढ्या वेळात आतल्या पृष्ठभागाला लाळ लागते. लाळेतील फॉस्फेट झिर्कोनियावरच्या नेमक्या त्याच जागा अडवते ज्या एमडीपीला हव्या असतात. केवळ पाण्याने धुऊन ते निघत नाही. सवयीने फॉस्फोरिक आम्लाने साफ केले तर अडवणूक वाढतेच. कणांचा मारा पुन्हा करावा लागतो किंवा त्यासाठीचे खास स्वच्छक वापरावे लागते. काम पाच मिनिटांचे आहे. ते राहून गेले तरी कॅप त्या दिवशी छान बसते, रुग्ण हसत घरी जातो, आणि कितीतरी महिने काहीही बिघडत नाही.

प्रत्येक झिर्कोनिया कॅप अशीच चिकटवली पाहिजे असे मात्र नाही. घासून तयार केलेला खुंट पुरेसा उंच, दाढेच्या बाबतीत किमान 4 मिलिमीटर, आणि फार निमुळता नसेल तर ग्लास आयोनोमरच्या कुळातले सिमेंट चांगले काम देते. हिरडीजवळ ओलावा आवरत नसेल तर मी स्वतः तेच पसंत करते, कारण ओल्या जागी घाईने लावलेले महाग रेझिन हा पैशाचा आणि दाताचाही अपव्यय आहे. "सर्वांत भारी सिमेंट लावा," असे कोणी म्हटले की मी त्यांना आधी हिरडीची स्थिती दाखवते.

वयाने मोठ्या माणसांच्या तोंडात ही रेषा अधिक नाजूक का होते, ते आता लक्षात येईल. हिरड्या खाली सरकलेल्या असतात, म्हणून कॅपचा काठ दंतवल्क सोडून मुळावर टेकतो. चावून चावून दात बुटके झालेले असतात, त्यामुळे कॅपला धरायला उंची कमी पडते. वर्षानुवर्षे मिश्री लावलेली असेल तर दातांच्या माना झिजलेल्या असतात. त्यात औषधांची भर. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी, लघवीवरचा ताबा यांसाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते. लाळ ही तोंडातल्या आम्लाला बोथट करणारी आपली घरची व्यवस्था आहे. ती आटली की कॅपच्या काठाखालचा मुळाचा भाग वेगाने किडतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. तोंड कोरडे पडते, रात्री पाण्यासाठी उठावे लागते, ही गोष्ट मात्र दंतवैद्याला आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगावी. कोरडेपणासाठी खडीसाखर वा गोळी चघळत राहण्याची सवय पुष्कळांना असते. ती दाताला फार महागात पडते. त्याऐवजी पाण्याचे छोटे घोट घ्यावेत.

आणखी दोन गोष्टींनी ही कीड लपून राहते. रूट कॅनॉल झालेल्या दाताची नस काढलेली असल्याने तो कितीही पोखरला तरी ठणकत नाही. शिवाय झिर्कोनिया क्ष-किरणांना अडवतो. एक्स-रेमध्ये कॅप पांढऱ्या ठोकळ्यासारखी उमटते आणि तिच्या पोटातले काही दिसत नाही. दिसतो तो फक्त काठाखालचा भाग. म्हणून सहा महिन्यांनी काठावरून उपकरण फिरवून घेतलेली पाच मिनिटांची तपासणी येथे एक्स-रेइतकीच मोलाची ठरते.

घरच्या मंडळींनी काही खुणा ओळखायला शिकाव्यात. एकाच जागी रोज अन्न अडकणे, फ्लॉसचा दोरा एका ठिकाणी तुटणे वा विसविशीत होणे, चावताना कॅपखालून किंचित खारट वा घाण चव येणे, तोंडाला एका बाजूने वास येणे, हिरडीची कडा लाल राहणे, किंवा कॅप बोटाने दाबली असता काठाशी ओलसर बुडबुडा दिसणे. यांपैकी एक खूण दिसली तरी सणवार उलटण्याची वाट पाहू नये. हात थरथरणाऱ्या किंवा विस्मरण झालेल्या माणसाचे दात दुसऱ्याने घासायचे असतील तर त्याच्या मागे उभे राहून, डोके आपल्या छातीशी टेकवून घासणे सोपे जाते. ब्रशचे केस कॅपच्या पृष्ठभागावर फिरवून उपयोग नाही, ती किडत नाही. ते हिरडी आणि कॅप जिथे भेटतात तिथे तिरपे टेकवावेत. दातांमधल्या फटी मोठ्या असतील तर फ्लॉसपेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचे छोटे ब्रश अधिक कामाचे. पेस्ट फ्लोराइडची असावी. दवाखान्यात फ्लोराइडचा लेप घेताना तोंडात सिरॅमिक कॅप असल्याचे आवर्जून सांगावे, कारण काही फ्लोराइड जेली आम्लधर्मी असतात आणि सिरॅमिकचा गुळगुळीतपणा घालवतात.

कॅप बसवण्याच्या दिवशी काय विचारावे, असे वाचक पत्रातून नेहमी विचारतात. मी तीनच प्रश्न सुचवेन. कॅपचा काठ कुठे टेकणार आहे, दंतवल्कावर की मुळावर? सिमेंट कोणते आणि तेच का? आणि कॅप बसल्यावर हिरडीखाली उरलेले जादा सिमेंट काढले याची खात्री कशी केली? हा तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण वर्षभर हिरडी सुजती ठेवू शकतो. सिरॅमिकचा आणि सिमेंटचा प्रकार फायलीत लिहून घ्यावा. दहा वर्षांनी कॅप निघाली तर पुढच्या दंतवैद्याचे काम निम्मे होते. तात्पुरती कॅप लावलेली असताना दात ठणकला आणि घरी लवंगेचे तेल लावले असेल तर तेही सांगावे. त्यातले युजेनॉल रेझिन पक्के होण्यात अडथळा आणते. पक्की कॅप बसल्यावर पहिले 24 तास त्या बाजूने चिकट व कडक खाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगाव्यात. स्वतःहून बंद करू नयेत.

कॅप निघालीच तर ती धुऊन डबीत ठेवावी आणि एक-दोन दिवसांत दाखवावी. अंथरुणाला खिळलेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाची सैल कॅप ही मात्र त्याच दिवशी दाखवण्याची बाब आहे, कारण ती झोपेत श्वासनलिकेत जाऊ शकते. कॅप सापडत नाही आणि खोकला किंवा घरघर सुरू झाली, तर दंतवैद्याकडे न जाता सरळ रुग्णालय गाठावे. झटपट चिकटवणारा घरगुती डिंक कधीही वापरू नये. तो दातावर गुठळीसारखा घट्ट होतो, कॅप मूळ जागी न बसता उंच राहते, आणि ज्या फटीविषयी आपण इतका वेळ बोललो ती कित्येक पटींनी रुंद होते.

बाईंच्या मुलाने नेमके हेच केले होते. मी विचारल्यावर तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "मागच्या वर्षी दिवाळीत निघाली होती. आईला त्रास नको म्हणून मीच चिकटवली. दुखत नव्हतं, म्हणून विसरून गेलो." बाईंनी त्याच्याकडे पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. सव्वा वर्षे त्या फटीतून लाळ आत-बाहेर करत राहिली होती. सिमेंट पहिल्यांदा का सुटले, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. कॅपच्या आतला पुरावा डिंकाने पुसून टाकला होता.

ती दाढ वाचली नाही. नवी कॅप धरण्यासाठी हिरडीच्या वर किमान दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दात सभोवार उरावा लागतो. इथे काहीच उरले नव्हते. दाढ काढली, जखम भरू दिली आणि कवळीची तार पुढच्या उपदाढेवर घेऊन कवळी नव्याने करून घेतली. त्या तपासणीत दुसऱ्या बाजूच्या जुन्या कॅपच्या काठाखालीही उपकरण किंचित अडकले. तिथे कीड नुकतीच सुरू झालेली होती. ती कॅप कापून काढली, मुळाचा भाग स्वच्छ करून भरला आणि नवी कॅप बसवली. बसवून पाहिल्यावर लाळ लागलेली ती कॅप मी पुन्हा साफ करायला घेतली, तेव्हा खुर्चीत आडव्या पडलेल्या बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी हे केलं नव्हतं का हो?"

मला ठाऊक नव्हते. मी तसे सांगितले. आता त्या दर सहा महिन्यांनी येतात. येताना कुंकवाची डबी आणत नाहीत, ते हमीचे कार्डही नाही. मुलाने वहीत लिहून ठेवलेली सिमेंटाची नावे मात्र आणतात.